हेडलाइट मिणमिणतोय: बल्ब बदलू की वायरिंग?

#१ रातकिडा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

गाडी चौदा वर्षांची हॅचबॅक. एच-४ बल्ब, म्हणजे एकाच बल्बात अप्पर (लांबचा झोत) आणि डिपर (जवळचा, खाली झुकलेला झोत) अशी दोन्ही फिलामेंट. दिवसा गाडीबद्दल काही तक्रार नाही. रात्री मात्र हेडलाइट लावलाय की नाही हे कळायला मला डॅशबोर्डवरच्या दिव्याकडे बघावं लागतं. पाऊस असला तर विचारूच नका, ओला रस्ता सगळा उजेड गिळून टाकतो. परवा कडेने काळ्या कपड्यांत चालणारा एक माणूस अगदी जवळ आल्यावर दिसला. त्याला काही झालं नाही, पण मी पुढे गाडी बाजूला घेतली आणि पाच मिनिटं नुसता बसून राहिलो.

आजवर दोनदा नवे बल्ब टाकून झालेत, फरक शून्य. काच पॉलिश केली, किंचित फरक. गॅरेजवाला म्हणतो, "१००/९० वॅटचे टाका, दिवस उगवेल." मित्र म्हणतो एलईडी टाक. तिसरा म्हणतो बल्ब आहे तोच ठेव, रिले (विजेने चालणारा छोटा स्विच) लावून वायरिंग बदल. बल्ब तोच आणि नुसती वायर बदलून उजेड वाढेल हे काही माझ्या डोक्यात शिरत नाहीये. जाणकारांनी प्रकाश टाकावा. (कोटी अनवधानाने झाली आहे, पण राहू देतो.)

#२ लख्ख

एलईडी टाका, विषय संपवा. मी तीन महिन्यांपूर्वी टाकले. पांढराशुभ्र उजेड, रात्रीचा दिवस. होल्डर काढा, एलईडी बसवा, दहा मिनिटांचं काम. वायरी कसल्या कापत बसताय!

#३ साशंक

लख्खराव, समोरून येणाऱ्याला कधी विचारलंत का, त्याच्यासाठी दिवस उगवतो की ग्रहण लागतं ते?

#४ जुना खटारा

रातकिडाभाऊ, १००/९० च्या भानगडीत पडू नका. मी पडलो होतो. पहिले दोन दिवस खूश होतो. तिसऱ्या रात्री गाडीत करपट वास यायला लागला. आधी वाटलं पुढच्या ट्रकचा क्लच असेल. ट्रक वळून गेला, वास राहिला. थांबून बॉनेट उघडलं तर डाव्या होल्डरचं प्लास्टिक मेणासारखं ओघळून बल्बच्या पायांना चिकटलेलं. स्टिअरिंगखालचा अप्पर-डिपरचा दांडा हाताला गरम लागत होता. पुढे तो स्विचही गेला. रिफ्लेक्टरवर वरच्या बाजूला तपकिरी डाग पडला तो कायमचा. आणि गंमत म्हणजे उजेड म्हणावा तेवढा वाढलाच नव्हता.

#५ ओहमची मावशी

खटाराभाऊंच्या शेवटच्या वाक्यात सगळं आलं. वॅट वाढले, उजेड वाढला नाही. मग वॅट गेले कुठे? होल्डर वितळवायला आणि स्विच तापवायला.

फिलामेंटचा बल्ब मोठा नखरेल असतो. त्याला मिळणारं व्होल्टेज जरा घसरलं की उजेड धाडकन पडतो. साधारण व्होल्टेजच्या ३.४ व्या घाताच्या प्रमाणात उजेड बदलतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांत एच-४ चा उजेड १३.२ व्होल्टवर मोजतात: अप्पर १६५० ल्युमेन, डिपर १०००. आता त्याच बल्बला १२ व्होल्ट दिले तर उजेड उरतो ७२ टक्के. साडेअकरा दिले तर ६२-६३ टक्के. व्होल्ट गेले १३ टक्के आणि उजेड गेला ३७ टक्के, असा हा घाट्याचा सौदा. त्यात नवा बल्ब आणलात तरी त्याच्याही वाट्याला तेच साडेअकरा येणार. म्हणून तुमचा फरक शून्य.

व्होल्ट जातात कुठे? जुन्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीकडून फ्यूजबॉक्समध्ये, तिथून डॅशबोर्डखाली, स्विचमधून, अप्पर-डिपरच्या दांड्यातून आणि मग परत बॉनेटमध्ये असा फिरून येतो. दोन बल्ब मिळून दहा अँपिअर धरा. एक स्क्वेअरची (म्हणजे एक चौरस मिलिमीटर जाडीची) तांब्याची वायर मीटरला साधारण साडेसतरा मिलिओहम. सहा मीटरचा फेरा झाला की एक व्होल्ट नुसता वायरीत गेला. त्यात प्रत्येक कपलर, स्विचचे झिजलेले पॉइंट आणि शेवटी गंजलेला अर्थ (बल्बपासून गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे जाणारी परतीची वाट) आपापला वाटा काढून घेणार.

या वाटेवर ९० वॅटचा बल्ब टाकला की करंट साधारण दीडपट होतो आणि वायरीतली उष्णता सव्वादोनपट, कारण ती करंटच्या वर्गाने वाढते. वायर जास्त खाते, बल्बला व्होल्ट आणखी कमी मिळतात. शिवाय बहुतेक देशांत तो बल्ब रस्त्यावर चालत नाही ते वेगळंच.

त्यामुळे आधी काही विकत घेऊ नका. मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू, रेस थोडी वाढवलेली, डिपर लावलेला. बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा आणि बल्बच्या पायांवर मोजा. आकडे इथे टाका, मग बोलू.

#६ रातकिडा

मावशी, धन्यवाद. मोजलं. बॅटरीवर १४.१. होल्डर बल्बवरून काढून आतल्या पत्त्यांवर मीटर लावला तर तिथे १४.०. म्हणजे वायरिंग ठणठणीत आहे म्हणायचं. मग दोष रिफ्लेक्टरचा का?

#७ नट-बोल्ट

😄 होल्डर काढून मोजलंत होय.

#८ ओहमची मावशी

नट-बोल्ट, हसू नका, प्रत्येक जण पहिल्यांदा हेच करतो. मीही केलं होतं.

रातकिडा, रिकामी बैलगाडी चढ सहज चढते. ओझं लादून बघा. बल्ब काढला की वायरीतून करंटच जात नाही, आणि करंट नाही तर वायर काही खात नाही. होल्डर बल्बवर बसलेला हवा, दिवा पेटलेला हवा. होल्डरच्या मागून, जिथे वायर आत शिरते तिथून, बारीक टाचणी पत्तीला टेकेल अशी सरकवा आणि टाचणीवर मीटर लावा. वायरीचं आवरण भोसकू नका, तिथून पुढे पाणी शिरतं. दोन टाचण्या एकमेकींना लागू देऊ नका, नाहीतर फ्यूज जाईल. बल्ब तापलेला असतो, बोटं जपा.

आणि दोनच नाही, चार आकडे हवेत. बॅटरीच्या प्लसपासून बल्बच्या प्लसपर्यंत किती पडतंय आणि बल्बच्या अर्थपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत किती. डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा.

#९ रातकिडा

बाप रे. हे घ्या.

बॅटरी १४.१.
डावा बल्ब: ११.४. प्लसच्या बाजूला पडतंय १.५, अर्थच्या बाजूला १.२.
उजवा बल्ब: ११.९. प्लसला १.६, अर्थला ०.६.

दोनदा मोजलं, मग शेजाऱ्यांचा मीटर आणून तिसऱ्यांदा मोजलं. तेच.

#१० साशंक

डावा ११.४ म्हणजे मावशींच्या सूत्राने ६१ टक्के उजेड. उजवा ७० टक्के. तुम्ही इतके दिवस सव्वा हेडलाइटवर गाडी चालवताय.

#११ वाचनमात्र

बेरीज करून बघितली, डावीकडे १.५ आणि १.२ मिळून २.७, चौदा पॉइंट एकमधून गेले की बरोबर ११.४ उरतात. शाळेत हे इतकं सरळ कधी दिसलं नव्हतं. मी पण उद्या मोजतो.

#१२ ओहमची मावशी

आता रिले विसरा दोन दिवस. डावीकडचे १.२ व्होल्ट नुसते अर्थमध्ये जातायत, ते फुकटात परत मिळतील. डाव्या हेडलाइटची काळी वायर धरून मागे मागे जा, ती कुठेतरी बॉडीला बोल्टने अडकवलेली असेल. तो बोल्ट काढा.

#१३ रातकिडा

काढला. फोटो चढवता येत नाहीये म्हणून वर्णन करतो.

बॅटरीच्या तळाजवळ, बंपरच्या आत, कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी बोल्ट होता. दहाचा पाना लावला तर पहिल्यांदा कुरकुरला आणि मग एकदम सैल झाला. खालचं थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) काढलं तर त्यावर हिरवी-पांढरी पूड, बोटाने चोळली की झडत होती. थिंबलच्या गळ्यापाशी वायरीचे निम्मे धागे तुटलेले, उरलेले काळे पडलेले. आणि ज्या पत्र्यावर ते बसलं होतं तिथे रंग तसाच! म्हणजे चौदा वर्षं सगळा करंट फक्त बोल्टच्या आट्यांमधून जात होता.

वायर काळी पडलेली तेवढी कापली, चकचकीत तांबं लागेपर्यंत. नवं थिंबल दाबून बसवलं. पत्रा पॉलिश पेपरने घासून पांढरा केला, दात्यांचा वॉशर घातला, घट्ट केलं, वरून व्हॅसलीन. उजवीकडेही तसंच. पाऊण तास गेला, त्यातला अर्धा तास खाली पडलेला वॉशर शोधण्यात.

आता डाव्या अर्थला ०.२, बल्बवर १२.३. उजवा १२.२. दोन्ही बाजू सारख्या दिसतायत हेच केवढं वाटतंय.

#१४ जुना खटारा

शाब्बास. मी मात्र हे वाचून गप्प झालोय. माझा स्विच, होल्डर, रिफ्लेक्टर सगळं गेलं, आणि दोष कदाचित एका बोल्टाचा होता.

#१५ लख्ख

सगळं मान्य. पण माझ्या गाडीत एलईडीने फरक पडला तो डोळ्यांनी दिसतो, त्याचं काय? गाडी माझीही जुनीच आहे, वायरिंगही जुनंच.

#१६ ओहमची मावशी

फरक खरा आहे, लख्ख. एलईडीच्या आत ड्रायव्हर सर्किट असतं. साडेअकरा मिळोत नाहीतर चौदा, ते एलईडीला हवा तेवढाच करंट देतं. म्हणजे तुमचं वायरिंग आजारी होतं, एलईडीने ते झाकलं. आजार तिथेच आहे.

आता दुसरी बाजू. एखादा जुना एच-४ बल्ब हातात घेऊन बघा. डिपरच्या फिलामेंटखाली चमच्यासारखी इवलीशी पत्र्याची वाटी दिसेल. ती खालच्या बाजूला जाणारा प्रकाश अडवते, म्हणून डिपरची वरची कड कापल्यासारखी सरळ येते आणि समोरच्याच्या डोळ्यात जात नाही. रिफ्लेक्टरचा सगळा हिशोब फिलामेंट नेमकं कुठे आहे यावर बांधलेला असतो, मिलिमीटरचा फरकही त्याला चालत नाही. एलईडीच्या चिपा दोन बाजूंना चपट्या बसवलेल्या. रिफ्लेक्टरला वाटतं फिलामेंटच हललं. जर्मनीत २०२० मध्ये काही एलईडी बल्बांना परवानगी मिळाली, पण तपासून यादीत घातलेल्या ठरावीक गाड्यांपुरतीच. त्यावरून काय ते समजा.

तुमच्या गाडीपुढे दहा मीटरवर भिंत धरा आणि डिपरची कड बघा. सरळ असली तर मी माझे शब्द मागे घेते.

#१७ लख्ख

बघितली. कड नाहीच. वरपर्यंत पांढरा धूर पसरल्यासारखं दिसतंय. 😐

#१८ साशंक

मोठ्या मनाने कबूल केलंत, लख्खराव. मघाचं ग्रहणाचं बोलणं हलके घ्या.

#१९ रातकिडा

मावशी, आता प्लसकडचे दीड व्होल्ट उरलेत. रिलेचं सांगा ना. तयार किट घेऊ की स्वतः करू?

#२० ओहमची मावशी

कल्पना साधी आहे. करंटला डॅशबोर्डची परिक्रमा घालायची गरजच काय? बॅटरी आणि बल्ब एकाच बॉनेटखाली आहेत. म्हणून बॅटरीतून जाड वायर सरळ रिलेत आणि रिलेतून सरळ बल्बला. तुमचा जुना स्विच फक्त रिलेला "आता" आणि "थांब" एवढं सांगणार. रिलेच्या कॉइलला अँपिअरच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढाही करंट लागत नाही, त्यामुळे स्विचचं आयुष्य वाढतं, हा फायदा उजेडाइतकाच मोठा.

रिलेवर आकडे छापलेले असतात. ३० ला बॅटरीची वायर, ८७ मधून बल्बला, ८५ आणि ८६ ही कॉइल. अप्परला एक रिले, डिपरला एक. जुन्या डाव्या होल्डरमधून सिग्नल घ्यायचा. उजवा जुना होल्डर रिकामा राहील, तो टेपने बंद करून बांधून ठेवा. जुनं वायरिंग कापू नका. एखाद्या रात्री रिले रुसला तर जुना होल्डर परत बल्बवर लावून घरी यायचं.

बॅटरीपासून रिलेपर्यंत चार स्क्वेअर, रिलेपासून बल्बपर्यंत अडीच. अर्थही तितकाच जाड, ही गोष्ट निम्मे लोक विसरतात. दीड मीटर चार स्क्वेअरमध्ये दहा अँपिअरला जेमतेम ०.०७ व्होल्ट पडतात.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात हवा, डिपरला १५, अप्परला २०, वेगवेगळे. फ्यूज बल्ब वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. तो बॅटरीपासून लांब लावला तर त्याच्या आधीचा तुकडा पत्र्याला घासून शॉर्ट झाल्यावर गाडी पेटवायला मोकळा. आणि दोन्हींना मिळून एकच फ्यूज लावू नका. तो वळणावर गेला तर एका क्षणात पुढे काळोख.

होल्डर सिरॅमिकचे घ्या. रिले असा अडकवा की पाय खाली राहतील आणि पाणी आत साचणार नाही.

#२१ नट-बोल्ट

मावशींना दंडवत. थोडी भर घालतो.

तयार किट घेतलं तर वायरीचं टोक ब्लेडने खरवडून बघा. आत चंदेरी निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या जवळपास दोन तृतीयांशच करंट वाहून नेण्याची लायकी, आणि दाबलेलं थिंबल काही महिन्यांत ढिलं. माझ्या पहिल्या किटात वायर बाहेरून करंगळीएवढी, आत धागे मोजले तर रडायला आलं. सगळी जाडी प्लास्टिकची.

थिंबल पक्कडीने चेपू नका, क्रिंपिंगचा (थिंबल वायरीवर दाबून बसवायचा) पाना उसना मागून आणा. चेपल्यावर जोरात ओढून बघा. निघालं तर रस्त्यावर निघण्याआधी निघालं म्हणून आनंद माना.

#२२ जुना खटारा

आणि वरून थोडं सोल्डर.

#२३ नट-बोल्ट

खटाराभाऊ, नको. सोल्डर वायरीत जिथवर झिरपतं तिथे वायर कडक होते आणि गाडीच्या थरथरीने नेमकी त्या कडेला तुटते. नीट क्रिंप, वर हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी).

#२४ जुना खटारा

चाळीस वर्षं सोल्डर करतोय, एक तुटली नाही. पण तुमच्या धाग्यावर तुमचं ऐकतो.

#२५ घाटवळण

थोडा लाल झेंडा दाखवतो. हे सगळं जुन्या, साध्या वायरिंगच्या गाड्यांसाठी आहे. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइट थेट स्विचवर नसतो, कॉम्प्युटर मॉड्यूलवर असतो. काही मॉड्यूल बल्बला सलग करंट न देता सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करत देतात. अशा लाइनवर रिले लावला की तो बेडकासारखा टरटरतो आणि पॉइंट जळतात. काही गाड्या करंट मोजून बल्ब गेलाय का ते ओळखतात, तिथे कॉइलचा इवलासा करंट बघून डॅशवर दोषाचा दिवा लागतो. शिवाय गाडी वॉरंटीत असेल तर त्यावर पाणी. अशा गाडीत मीटरने अर्थ तपासा, काच स्वच्छ करा, लेव्हल (झोताची उंची) बघा आणि तिथेच थांबा.

#२६ नट-बोल्ट

बरोबर. आणि जुन्या गाड्यांतही एक फसवणूक आहे. काही जपानी गाड्यांत एच-४ च्या मधल्या पायाला अर्थ नसतो, तिथे कायम प्लस असतं आणि स्विच अर्थची बाजू जोडतो. तिथे साधं किट जसंच्या तसं लावलं तर अप्परचा निळा दिवा वेड्यासारखा वागतो. होल्डर काढून मीटरने बघून घ्या: डिपर लावल्यावर कुठल्या पत्तीवर बॉडीच्या तुलनेत १२ येतात. आता मात्र होल्डर काढूनच मोजायचं हं, रातकिडाभाऊ. 😄

#२७ रातकिडा

मधला पाय अर्थच आहे, बघितलं. सामान आणलंय. रविवारी करतो.

#२८ रातकिडा

रविवार संध्याकाळ. मदत हवी आहे, कृपया लवकर.

सगळं जोडलं. बॅटरीचं टोक लावल्याबरोबर हेडलाइट आपोआप लागला. स्विच बंद आहे. घाबरून स्विच चालू केला तर टक् असा आवाज झाला आणि हेडलाइट विझला. बंद केला, परत लागला. चावी माझ्या खिशात आहे. घरातले सगळे दारात उभे राहून बघतायत.

#२९ नट-बोल्ट

रिले पाच पायांचा आहे का? मधल्या पायावर ८७ नंतर ए लिहिलंय का बघा.

#३० रातकिडा

आहे. लिहिलंय. वायर त्याच्यावरच आहे.

#३१ नट-बोल्ट

तो उलटा पाय. रिले झोपलेला असतो तेव्हा तो जोडलेला, जागा झाला की तुटतो. बॅटरीचं टोक काढा, वायर साध्या ८७ वर घ्या. मधल्या पायाला काहीही जोडू नका.

#३२ साशंक

हे भारी आहे पण. पेटंट घ्या: झोपलेल्या गाडीला दिवा, चालत्या गाडीला अंधार.

#३३ रातकिडा

झालं. टक्, आणि लागला. टक्, आणि विझला. या आवाजाच्या प्रेमात पडलोय, दहा वेळा उगाच चालू-बंद केलं.

आकडे: बॅटरी १४.१. डावा १३.६, उजवा १३.७. बल्ब तेच, दोन वर्षं जुने.

अंधार पडल्यावर बाहेर पडलो. रस्त्याच्या कडेचं गवत दिसलं, पात्यापात्यासकट. इतकी वर्षं तिथे गवत आहे हेच माहीत नव्हतं. उजेड पिवळसर मातकट होता तो आता पांढऱ्याकडे झुकलाय.

#३४ साशंक

डावीकडे ६१ टक्क्यांवरून १११ टक्के, म्हणजे जवळजवळ १.८ पट. मागच्या सव्वा हेडलाइटबद्दलचे शब्द मागे.

#३५ वाचनमात्र

मीही मोजलं. माझ्या गाडीत प्लसला ०.४, अर्थला ०.१, बल्बवर १३.४. म्हणजे माझं वायरिंग बरं आहे, आणि तरी उजेड कमी वाटतो. काच आतून-बाहेरून पिवळी आहे. मग रिलेचा उपयोग नाही ना?

#३६ ओहमची मावशी

अजिबात नाही. तुमचा उजेड बल्बपर्यंत पोचतोय, काचेत अडतोय. बाहेरून पिवळी असेल तर पाण्याचा पॉलिश पेपर ८०० पासून २००० पर्यंत चढत जा, मग कंपाउंड, आणि शेवटी अतिनील किरण रोखणारा पारदर्शक थर मारायलाच हवा. तो नाही मारला तर काही महिन्यांत काच परत पिवळी. दात घासायच्या पेस्टने घासण्याचे सल्ले येतील, ते चार दिवसांचे. आतला रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर मात्र घासायला जाऊ नका, चांदीसारखा थर बोटानेही निघतो. हेडलाइटच बदलावा लागेल.

रातकिडा, एक खरं सांगते. आता तुमचे बल्ब लवकर जातील. १३ व्होल्टच्या वर बल्बचं आयुष्य झपाट्याने घटतं. १३.६ ला ते १३.२ च्या मानाने साधारण दोन तृतीयांश राहतं. मागची दोन वर्षं तुमचे बल्ब उडाले नाहीत ना? ११.४ व्होल्टवर उपाशी ठेवलेला बल्ब सहा-सात पट जगतो, फक्त उजेड देत नाही. एक जादा बल्ब डब्यात ठेवा. निळ्या काचेचे घेऊ नका, ती निळाई उजेडच खाते. आणि बसवताना काचेला बोट लावू नका.

#३७ रातकिडा

मावशी, जादा बल्ब ठेवला. नवी तक्रार मात्र अशी की काल समोरून येणाऱ्या दोघांनी मला अप्पर मारून दाखवला. मी डिपरवरच होतो, शपथ.

#३८ घाटवळण

तुमची लेव्हल कधी बघितलीत? उजेड कमी होता तोवर ती चुकलेली असली तरी कुणाला जाणवत नव्हती. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. टायरची हवा नीट, एक माणूस चालकाच्या जागी, डिकी रिकामी. बल्बच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूने रेघ मारा. डिपरची कड त्या रेघेच्या साधारण १० सेंमी खाली यायला हवी, म्हणजे १ टक्का उतार. नेमका आकडा बहुधा हेडलाइटवर किंवा जवळच्या स्टिकरवर छापलेला असतो. हेडलाइटच्या मागे फिरवायचे स्क्रू असतील.

#३९ रातकिडा

डाव्याची कड रेघेच्या चार बोटं वर होती! त्या दोघांची मनातल्या मनात माफी मागितली. स्क्रू गंजलेला, तेल सोडून तासभर थांबलो, मग हळूहळू फिरला. दोन्ही आता रेघेखाली दहा सेंमी. डिकीत हिवाळ्यापासून पडलेली सिमेंटची पोती होती, तीही काढली.

आज परत त्याच रस्त्याने आलो. कुणी अप्पर मारला नाही. भिंतीवरची खडूची रेघ पुसू नका असं घरी सांगून ठेवलंय.

#४० लख्ख

रातकिडाभाऊ, ती भिंत या शनिवारी मोकळी असेल का? जुने हॅलोजन बल्ब माळ्यावर सापडले. येताना मीटर मीच आणतो.